ॲव्हरेजसाठी न्यूट्रल

बाबा,

ता. क. आधीच लिहिते, नाहीतर तुम्ही तिथवर वाचणार नाही: पिकअपची चावी मी कॉलेजला नेते आहे. आजचे गुलाबाचे खोके तुषारदादाच्या गाडीतून गेले.

आता चिठ्ठी. काल खंडाळ्याच्या उतारावर तुम्ही गाडी न्यूट्रलला टाकलीत आणि म्हणालात, "बघ, फुकट पळतेय." ब्रेक जळल्याचा वास येत होता. तुम्ही इतके खुशीत होतात की मी नुसती काच खाली केली.

उतारावर गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, तरी इंजिन डिझेल घेत नाही, आणि गाडीही आवरून धरतं; न्यूट्रलला सगळा भार ब्रेकवर येतो. तेवढंच करा. ॲव्हरेज आणखी वाढवायचाच असेल तर टपावरची लोखंडी जाळी उतरवू, मी धरू लागते.

पिठलं झाकून ठेवलंय. रागवायचं असेल तर रागवा, पण आज घरी बसून रागवा.

श्रद्धा