न वाजलेलं सोनं

१२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनी बरी असेल. इकडे बाबांचा खोकला उतरला आहे आणि मागच्या भिंतीचा गिलावा एकदाचा झाला. तुझं इथलं यंत्रांचं दुकान आठ दिवस बंद का, म्हणून तू तीनदा फोन केलास. मी मुद्दाम उचलला नाही. फोनवर तू समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. कागदावर ती सोय नाही.

वरच्या खोलीत खाणीच्या प्रयोगशाळेतल्या बाई भाड्याने आल्यात. दाराला अडण म्हणून ठेवलेला बाबांचा तो दगड त्यांनी सहज उचलला आणि तिथेच थबकल्या. एवढ्याशा गारगोटीला इतकं वजन नसतं, म्हणाल्या. बाबांना विचारून त्यांनी तो नेला, कापला.

दादा, आत सोनं आहे. विंचरून काढलेल्या केसांच्या गुंत्यासारखं, दगडभर पसरलेलं.

तीन वर्षांपूर्वी याच दगडावर तू अंगणात धातू शोधायचं यंत्र फिरवलंस. बाबा आदल्या दिवशी कोरड्या ओढ्यातून तो छातीशी धरून घेऊन आले होते, सगळी गल्ली जमली होती. यंत्र गप्प राहिलं. तू हसून म्हणालास, "बाबा, यंत्र खोटं बोलत नाही. माणसं बोलतात." तू चार दिवसांत परत गेलास. मागे बाबांना 'धोंडेशेठ' हे नाव चिकटलं. चाळीस वर्षं डोंगर पायाखाली घातलेला माणूस त्या दिवसापासून फाटकाबाहेर पडला नाही.

बाईंनी मला समजावलं ते तुलाही सांगते, कारण ही यंत्रं तू विकतोस. यंत्र चुंबकाचा जोर सोडतं, त्याने धातूत वीज गोल गोल फिरते आणि तिच्यामुळे यंत्र वाजतं. वाटाण्याएवढा का होईना, भरीव खडा असला तर वीज मोकळी फिरते आणि तो खणखणीत वाजतो. पण सोनं सुटं, तंतू-तंतूंनी विखुरलेलं असेल, तर विजेला फिरायला वाटच नसते. मग मूठभर सोनंही जेमतेम कण्हतं. त्यात तू लोखंडाचा आवाज गाळून टाकायचं बटण चालू ठेवलं होतंस आणि दगडाला लोहाची लाल माती लागलेली. जे काही कण्हणं होतं, ते यंत्राने लोखंड समजून टाकून दिलं. दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत बापाला खोटं पाडण्याआधी एकदा ते बटण बंद करून बघायला काय हरकत होती? गिऱ्हाइकाला तर तू दहा वेळा दाखवतोस.

हे सगळं मी तावातावाने लिहिते आहे खरी. पण एक गोष्ट राहिली आहे आणि ती लिहायची टाळून मी भिंतीच्या गिलाव्यापर्यंत जाऊन आले.

त्या सकाळी, गल्ली जमायच्या आधी, तू अंघोळीला गेलास तेव्हा मी दगडाला यंत्र लावून पाहिलं होतं. बटण बंद होतं. डास गुणगुणावा इतका बारीक आवाज आला. पुन्हा लावलं, पुन्हा आला. अंगणात तू हसलास तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. इथलं दुकान तू माझ्या हाती द्यायचं आदल्याच दिवशी कबूल केलं होतंस.

दगडाचा अर्धा तुकडा बाबांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो बराच वेळ उलटसुलट केला. मग शांतपणे म्हणाले, "त्या सकाळी तुला आवाज आला होता ना? मी खिडकीत होतो."

तीन वर्षं त्यांना माहीत होतं. तीन वर्षं माझ्या हातचं जेवले आणि एका शब्दाने बोलले नाहीत.

काल संध्याकाळी मी त्याच शेजाऱ्यांना अंगणात बोलावलं, दगड ठेवला आणि माझं जे होतं ते सांगितलं. तुझ्या वाटचं सांगितलं नाही. ते तू येऊन, उभा राहून, स्वतःच्या तोंडाने सांगायचंस. यंत्र आणू नकोस.

दुकानाची किल्ली याच पाकिटात आहे. मला ते नको.

बाबांनी तुला आशीर्वाद सांगितलेला नाही. मी विचारलं होतं.

ऐकूनही न बोललेली,
तुझी बहीण