खणभागातला समुद्र

२८ ऑक्टोबर १९६३

हंबीरराव हो म्हणाले! खणभागातल्या माझ्या भाड्याच्या खोलीतच, पूर्वेच्या खिडकीखाली, सिमेंटचा हौद बांधायला. अडीच फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. पुढच्या अंगाला काच. मला वाटलं होतं, घरमालक असल्या खुळाला तोंडावर नाही म्हणतील. त्यांनी उलट विचारलं, मासे कुठले, कृष्णेतले का? म्हटलं, समुद्रातले. डिसेंबरात कॉलेजची सहल रत्नागिरीला जाते, तेव्हा खारं पाणी घेऊन येणार. बघतच राहिले. मग एकच अट घातली — हौद बांधायचा तर तीन वर्षं तरी खोली सोडायची नाही. दर वर्षी नवा भाडेकरू शोधायचा त्यांना कंटाळा आलाय.

मी लगेच मान डोलावली.

आता लिहिताना सुचतंय. एकदा बांधला की हौद हलत नाही. मला मात्र इथून कधीही हलवतील — ज्या दिवशी कळेल त्या दिवशी.

३० ऑक्टोबर

एकदा लिहून काढतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

जूनमध्ये खोली घेताना हंबीररावांनी विचारलं होतं, "कुंडलकर म्हणजे कुणापैकी?" मी म्हणालो, कॉलेजात आहे, प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर. ते हसले, मास्तर माणूस म्हणाले आणि किल्ली दिली. मी खोटं बोललो नाही. कुंडलकर हे आडनाव शाळेतल्या गुरुजींनीच गावावरून लावलेलं. पण आम्ही बौद्ध, आण्णांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्याआधी आमचं घर कुठल्या वस्तीत मोडायचं — यातलं काही सांगितलं नाही. त्याआधी चार ठिकाणी सांगून पाहिलं होतं. चारही ठिकाणी खोली "कालच दिली" होती.

३ नोव्हेंबर

ज्यावरून हौद सुचला तो लायब्ररीतल्या परदेशी मासिकातला लेख पुन्हा वाचला. यंत्र नाही, गाळणी नाही. समुद्रातले जिवंत दगड आणायचे — ज्यांच्यावर शेवाळ, प्रवाळ, बारीक किडे आधीच वस्तीला आहेत असे — आणि पाण्यात थोडी हवा सोडत राहायची. पाणी ते दगडच निर्मळ ठेवतात. मला असाच हवा. दिवसभर मी कॉलेजात, महिन्यातून एखादा रविवार कुंडलला. सारखा हात लावावा लागला तर जगायचा नाही.

मासे जवळजवळ नाहीतच. दगड, त्यांना चिकटून फुलासारखी उघडमीट करणारी समुद्रफुलं, शंखातले दोन-तीन खेकडे. खाणं आठवड्यातून दोनदा, चिमूटभर सुकट, कुटून. पाणी उडून जातं पण मीठ मागे राहतं, म्हणून काचेवर खूण करायची आणि खाली उतरेल तेवढं गोडं पाणी घालायचं. हवेचंच अडलं होतं. वीज हंबीररावांच्या मीटरवर, ती मागायची नाही. ट्रकची जुनी ट्यूब सायकलच्या पंपानं फुगवून, चिमट्यानं आवळून, बारीक नळीतून बुडबुडे सोडून पाहिले — सकाळी भरलेली ट्यूब दुपारपर्यंत पुरली. सकाळी, दुपारच्या सुट्टीत येऊन आणि निजताना पंप मारला की झालं.

११ नोव्हेंबर

हौद झाला. आता महिनाभर गोड्या पाण्यात भिजत ठेवायचा. सिमेंटचा चुना उतरला नाही तर पहिल्याच दिवशी सगळं मरेल. दर तिसऱ्या दिवशी उपसायचा, पुन्हा भरायचा. पाणी मालकांच्या नळाचं. धोंडुबाई — हंबीररावांच्या मंडळी — म्हणाल्या, घ्या की मास्तर, नळ काय आमच्या एकट्याचा हाय? त्यांची कळशी बाजूला सरकवून मी बादली लावली. कळशीला हात लागला. त्यांनी हसून ती उचलली, डोक्यावर ठेवली आणि आत गेल्या.

दिवसभर तेच डोळ्यांपुढे.

२४ नोव्हेंबर

आण्णांचं पत्र, पोस्टातल्या कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. तू घरात समुद्र करतोस असं कळलं. बघायला येतो.

आण्णांनी तीस वर्षं रेल्वेत गँगमनचं काम केलं. समुद्र कधी पाहिला नाही. यावंच. पण आण्णा रस्त्यात, बाजारात, एस.टी.त, ओळखीच्याला आणि बिनओळखीच्याला मोठ्यानं "जय भीम" घालतात. इथे ओसरीवर हंबीरराव दिवसभर बसलेले असतात.

कळवलं — परीक्षा आहेत, सध्या नको.

९ डिसेंबर

दुसरं पत्र. लिहिलं, खोलीला चुना लावायचाय, जागा नाही. वडिलांना लिहिलं हे.

२२ डिसेंबर

रत्नागिरीहून परत. अॅसिडच्या चार मोठ्या काचेच्या बरण्या धुऊन नेल्या होत्या, त्या भरून आणल्या. ओहोटीला खडकांतून अकरा दगड निवडले. तीन दगडांवर नखाएवढे पिवळट प्रवाळ आहेत, काहींना समुद्रफुलं चिकटलीत, आणि शंखातले तीन खेकडेही मिळाले. ओल्या गोणपाटात गुंडाळून मांडीवर धरून बसलो. आंबा घाटात गाडी तासभर बंद पडली तेव्हा गोणपाट सारखं भिजवत होतो. मुलं हसत होती. मी हसलो नाही.

घरी आलो तर हंबीरराव दारात उभे. गुडघे दुखतात तरी एक बरणी त्यांनी हातानं आत आणली.

२६ डिसेंबर

पाणी दुधासारखं. दगड दिसत नाहीत.

२८ डिसेंबर

वास सुटलाय. धोंडुबाई नाकाला पदर लावून दारापर्यंत आल्या. मास्तर, हे काय सडतंय घरात? उद्यापर्यंत साफ करतो म्हणालो. एकेक दगड बाहेर काढून हुंगला. मोठ्या दगडाच्या पोटाला स्पंज होता, प्रवासात वारा लागून मेलेला. तोच कुजत होता. तो दगड परसात पुरला. दहा राहिले. बाकीच्यांचं काय होतंय कळत नाही.

३१ डिसेंबर

अजून गढूळ. एक खेकडा शंख सोडून मेला.

३ जानेवारी १९६४

निवळलं! आज उजाडताना उन्हाची तिरीप हौदात शिरली आणि पलीकडची भिंत दिसली. एक समुद्रफूल उघडलंय, हिरवट, रुपयाएवढं. किती वेळ गुडघ्यावर बसून होतो कुणास ठाऊक. पहिलं प्रात्यक्षिक चुकलं.

७ जानेवारी

हंबीरराव रोज दुपारी इथे येऊन बसतात. खोलीला कुलूप घालू नका म्हणाले, म्हणून घालत नाही. पूर्वी जकात नाक्यावर होते. तीस वर्षं गाड्या अडवून माल बघितला, पण असलं काही बघितलं नाही, असं सगळ्या आळीला सांगत असतात. दुपारचा पंपही आता तेच मारतात. काल म्हणाले, लेकाला आमच्या असलं काही सुचलं नाही, तुम्ही लेकासारखे.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं. खेकड्याबद्दल काहीतरी बोललो.

१२ जानेवारी

आण्णा आले. न कळवता.

मी हौदाशी होतो, कोपरापर्यंत हात पाण्यात. ओसरीवरून हंबीररावांचा आवाज आला, कोण पाव्हणं? मी ओल्या हातांनी दारापर्यंत आलो आणि तिथेच थांबलो. आण्णा पायरीखाली उभे. धुतलेलं धोतर, खांद्यावर हरभऱ्याच्या ढाळ्यांची पेंडी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काय होतं ते मला ठाऊक आहे. त्यांनी ते वाचलं.

"रामराम," ते हंबीररावांना म्हणाले. "मी पाव्हना न्हवं जी. मास्तरांच्या गावचा हाय. त्यांच्या घरनं ढाळं दिल्यात, ती पोच कराय आलोय."

मी काही बोललो नाही. लिहून ठेवतो — काही बोललो नाही.

हंबीररावांनी त्यांना पायरीवर बसायला सांगितलं, चपला काढतो तिथे. धोंडुबाईंनी कान तुटलेल्या कपातून चहा पाठवला. आण्णांनी तो प्यायला, कप स्वतः विसळला आणि पायरीच्या कडेला पालथा घातला. हंबीररावांनाच दया आली. म्हणाले, एवढ्या लांबनं आलाय, मास्तरांचा समुद्र तरी बघून जा. आण्णा उंबऱ्याशी आले. आत पाऊल टाकलं नाही. तिथूनच वाकून बघितलं. एवढ्या लांबून काय दिसलं असेल? काचेवर ऊन होतं.

एस.टी. स्टँडपर्यंत दोन पावलं मागे राहून त्यांच्याबरोबर गेलो. गाडी लागल्यावर आण्णा बोलले.

"तुजं बस्तान मोडू नये म्हनून बोललो, धनाजी. पर दुसऱ्यांदा न्हाई जमायचं माज्याच्यानं."

ते चढले. खिडकीशी बसले नाहीत, पलीकडच्या बाजूला बसले.

१३ जानेवारी

काही नाही.

१५ जानेवारी

ढाळे तसेच पडून आहेत. सोललेही नाहीत. समुद्रफुलं सगळी उघडलीत. बघवत नाही.

१९ जानेवारी

सांगितलं.

सकाळी हंबीरराव येऊन हौदाशी बसले, तेव्हा समोर उभं राहून सांगितलं. गेल्या रविवारी आलेला माणूस माझा बाप. त्यांना तुम्ही चपलांपाशी बसवलंत आणि मी बसू दिलं. आम्ही बौद्ध आहोत. पूर्वी कोण होतो ते तुम्हाला समजलं असेलच.

पंपाचा दांडा त्यांच्या हातात होता, तो त्यांनी जपून खाली ठेवला. मग म्हणाले, "सात महिने आमच्या नळाचं पाणी भरलंत."

मी हो म्हणालो.

गुडघ्यावर हात रेटून उठले आणि भिंतीला धरून बाहेर गेले.

२० जानेवारी

नळाच्या तोटीला साखळी आणि कुलूप. धोंडुबाईंनी ओसरी दोनदा धुतली. मी कोपऱ्यावरच्या नगरपालिकेच्या नळावरून आणतो. लांब आहे. त्याचं काही वाटत नाही. वाटतंय ते त्या कळशीचं.

२१ जानेवारी

विभागातल्या सरांना सांगितलं. म्हणाले, वाद नको, गुपचूप दुसरी खोली बघा, नोकरी अजून पक्की नाही. बरोबर असेल त्यांचं. पण दगड? दहा दगड आणि चार बरण्या घेऊन मी कुणाच्या दारात जाऊ? तिथेही पुन्हा "कुणापैकी" ऐकायचं. हौद नव्यानं बांधला तर महिनाभर भिजवायचा. तोवर काही जगत नाही.

२४ जानेवारी

हंबीरराव आले. उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. महिनाअखेर खोली मोकळी करा म्हणाले. आळीत अजून कुणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही, तुमची अब्रू राहील.

मग थोडं घुटमळले. हौदाकडे बघत म्हणाले, "हौद तेवढा राहू द्या. त्याचं मी बघतो. मला जमतंय आता सगळं."

आधी कळलंच नाही. मग कळलं. मी आणलेलं पाणी चालतं. दगड चालतात, खेकडे चालतात. गेले चार दिवस मी कॉलेजात असताना येऊन पंपही मारत होते — ट्यूब घट्ट असायची, मला वाटायचं सकाळची हवा टिकतेय. मी तेवढा नको.

विचार करतो म्हणालो. का म्हणालो?

२६ जानेवारी

झेंडावंदनाला गेलो. परत येताना डोक्यात आपोआप हिशेब सुरू झाला — दगड नदीत टाकू की त्यांनाच देऊ? नदीत टाकले तर मरतील. दिले तर जगतील, आणि हंबीरराव पाव्हण्यारावळ्यांना दाखवतील. पण हे दोनच रस्ते आहेत असं मला कुणी सांगितलं?

भाडेचिठ्ठी माझ्या नावावर आहे. भाडं दर महिन्याला वेळेवर दिलंय. तीन वर्षं सोडायची नाही, ही त्यांचीच अट!

२७ जानेवारी

आण्णांना पत्र टाकलं. पहिल्यांदाच, लिहून झाल्यावर खाडाखोड केली नाही. माफी मागितली. आणि म्हटलं, तुम्ही आणि आई दोघं या, अंथरूण-पांघरूण घेऊन या, हे घर तुमचं आहे.

३१ जानेवारी

महिनाअखेर. ओसरीवर गेलो आणि उभ्यानंच सांगितलं. मी खोली सोडणार नाही. वकिलाकडे जा, नोटीस द्या, कोर्टात उभा राहीन. तिथे कारण विचारतील, तेव्हा खरं कारण सांगा.

हंबीरराव म्हणाले, "मास्तर, तुम्हाला मी लेकासारखं मानलं."

म्हटलं, ते खरं आहे. म्हणून एक सांगतो. समुद्र बघायला पूर्वीसारखे येत जा. मी घरात असताना या, आणि आत येऊन बसा.

धोंडुबाई दाराआड उभ्या होत्या, त्यांचा हात तेवढा दिसला.

४ फेब्रुवारी

आले नाहीत. नोटीसही नाही. आण्णांचं उत्तर नाही. पत्रावर पत्र काय लिहायचं? ज्या लेकानं ओळख दिली नाही, त्याच्या घरी ते का येतील?

७ फेब्रुवारी

एका प्रवाळाला शेजारी नवा अंकुर फुटलाय, मोहरीएवढा. सांगायला कुणी नाही.

९ फेब्रुवारी

आण्णा आणि आई आले. दोन वळकट्या, एक पत्र्याची पेटी, आईच्या कडेवर लहानसं जातं. हंबीरराव ओसरीवर होते, वळकट्या बघून उठले. आण्णांनी आधी वळकट्या आत नेऊन ठेवल्या. मग बाहेर येऊन त्यांच्यासमोर उभे राहिले.

"मी यल्लाप्पा. धनाजीचा बा. आता हितंच ऱ्हायाचं."