पॅराशूटची घडी

रविवार, ९ मार्च

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनी म्हणते, तू अजून जिन्याशी भांडतोस.

चिमी सुखरूप उतरली, हे तू टीव्हीवर पाहिलंच आहेस. नाही म्हणू नकोस, आवाज बंद करून बसला होतास म्हणे. तिन्ही पॅराशूट उघडली तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. मी चक्क आमच्या मालकांच्या गळ्यात पडून रडले. बिचारे अवघडून गेले.

तुझ्या सरकारी केंद्रातून पारखून घेतलेले वैमानिकच अंतराळात जायचे. आमच्या खासगी कंपनीच्या यानातून (तुझ्या भाषेत 'दुकानातून') काल एक दंतवैद्य आणि एक भूगोलाच्या बाई जाऊन आल्या. त्यांना नेणारी, आणणारी तुझी लेक. बाई तर उतरल्यापासून बोलायच्या थांबेनात.

आता जे टाळतेय ते लिहिते. चिमी इथे लागली तेव्हा तू तिच्याशी अबोला धरलास, तो आजतागायत. मग एकाच अटीवर मान हलवलीस: "पॅराशूटची घडी तू घालणार असशील तरच." मी हो म्हटलं होतं.

दादा, ती घडी मी घातली नाही.

बसले होते घालायला. पण कापडाची एकच दुमड घालायची, उलगडायची, पुन्हा घालायची, असं चाललं. डोळ्यांसमोर सारखी चिमी. आमच्याकडे पद्धत आहे, हात अडला की उठायचं. कारण कोणी विचारत नाही, पण दुसरी येऊन सगळं सोडते आणि पहिल्यापासून घालते. मी उठले. माझ्या जागी आली चष्मेवाली. आमचं विळ्या-भोपळ्याएवढं सख्य तुला ठाऊक आहे. नाक मुरडत म्हणाली, "बाहेर बस. तुझ्या उसाशांनी कापड हलतंय."

उड्डाण एक दिवस पुढे गेलं. दुकानदार घाईच करणार, असं तू म्हणायचास ना? मालक एवढंच म्हणाले, "पाहुणे आलेत ते चहा पितील, थांबतील."

तुला आधी कळवलं असतं तर तू चिमीला माघारी बोलावलं असतंस, म्हणून गप्प राहिले. तिला मात्र सांगितलं होतं. ती म्हणाली, "आत्या, तू उठलीस म्हणूनच मी निर्धास्त बसणार आहे."

उतरल्यावर तिचा पहिला प्रश्न, "बाबांनी पाहिलं?" मी म्हटलं, "हो, आवाज बंद करून." हसता हसता रडली रे पोरगी.

माझ्यावर रागवायचं असेल तर इथे ये आणि समोर बसून रागव. तिच्याशी मात्र बोल.

वेळेवर उठलेली,
तुझी धाकटी