चिठ्ठीवरचा शिक्का

अण्णा, तुम्ही दिलेलं भिंग अजून माझ्या पर्समध्ये असतं. परवा शहराबाहेरच्या एका गोदामात ते बाहेर काढलं, तेव्हा तिथली फार्मासिस्ट हसली. म्हणाली, "मॅडम, स्क्रीनवर झूम होतं की." मी म्हटलं, होऊ दे, मला कागदावर बघायची सवय आहे, प्रिंट काढून द्या.

तुमच्या वेळी औषधासाठी दुकानाची पायरी चढावी लागायची. आता लोक फोनवरून चिठ्ठीचा फोटो पाठवतात, कुठल्या तरी गोदामात फार्मासिस्ट तो तपासते आणि गोळ्या घरपोच येतात. अशा विक्रेत्यांची तपासणी आमच्या खात्यात माझ्याकडे आहे. देवळ्याहून एकाची तक्रार आली होती. त्याच्या आईला रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू होत्या. डॉक्टरांनी डोस निम्मा करून नवी चिठ्ठी दिली, ती घरात फळीवर पडून राहिली आणि हा जुन्याच फोटोवर गोळ्या मागवत राहिला. म्हातारीच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, अंगावर काळेनिळे डाग उठले. बरेच दिवस दवाखान्यात होती. वाचली. माझ्या टेबलासमोर उभा राहून तो म्हणाला, "माझं चुकलंच, मॅडम. पण त्यांनी एकदा तरी नाय म्हणायला पाहिजे होतं ना."

तुम्ही 'नाही' म्हणायचात. औषध दिलं की डॉक्टरांच्या सहीच्या वर दुकानाचा शिक्का आणि तारीख. शिक्का असलेली चिठ्ठी पुन्हा आली की, डॉक्टरांकडून नवी आणा, मग समोर कोणी का असेना. मी फार्मसी पास होऊन नाव नोंदवलं, त्या उन्हाळ्यात तुम्ही दुपारी जेवायला जायचात आणि नाशिक रोडच्या आपल्या काउंटरवर मी बसायचे. एका दुपारी नोटांच्या प्रेसच्या क्वार्टरमधल्या काकू येतात, झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी पुढे करतात आणि मी गोळ्या देऊन मोकळी होते. तुम्ही परत येता, वहीत काकूंचं नाव दुसऱ्यांदा आलेलं बघता आणि एवढंच विचारता, "शिक्का दिसला नाही?" मी म्हणते, नाही दिसला. तुम्ही मला त्याच उन्हात गोळ्या परत आणायला पाठवता. काकूंनी पाकीट हातात दिलं आणि वर ऐकवलं, की एवढं शिकवून बापाने पोरीला पोस्टमन केलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलंत. डोळे ठणठणीत निघाले.  परतीच्या वाटेत तुम्ही स्टेशनरीच्या दुकानात थांबलात, हे भिंग घेतलंत आणि माझ्या हातात ठेवलंत.

गोदामात तो प्रिंट भिंगाखाली धरला. डॉक्टरांच्या सहीच्या वर, पुसट पण वाचता येईल असा, देवळ्याच्या एका मेडिकलचा शिक्का होता, तारखेसकट. म्हणजे चिठ्ठी वापरून झालेली होती. नवी मागितली असती तर कमी केलेला डोस तिथेच दिसला असता. तोच फोटो महिन्यामागून महिना पास झालेला, दर वेळी याच फार्मासिस्टच्या नावाने. आधी ती म्हणाली, चिठ्ठी तर होती ना, मॅडम. मी भिंग तिच्याकडे सरकवलं आणि विचारलं, "शिक्का दिसला नाही?" विचारून झाल्यावर कळलं, हे शब्द कुणाचे ते. शेजारी उभे असलेले गोदामाचे मालक मध्येच म्हणाले, मॅडम, चहा घ्या आधी. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दिसला होता," ती म्हणाली. "रोजच दिसतात. थांबवलं की वरून फोन येतो, गिऱ्हाईक का घालवलं म्हणून."

मी ते जसंच्या तसं लिहून तिची सही घेतली. चहा घेतला नाही. गोदामाचा परवाना निलंबित करावा, अशी शिफारस केली आहे. ती फार्मासिस्टही सुटणार नाही, सुटूही नये, म्हातारीचा जीव जात होता. नोकरी तर जाईलच, कदाचित नोंदणीही. तरी तिने मालकासमोर, विचारल्याबरोबर खरं सांगितलं, हे वाक्य मी अहवालात घातलं आहे. एरवी मी असलं काही लिहीत नाही. साहेब विचारतील, याची काय गरज होती.

त्या दुपारी मलाही शिक्का दिसला होता, अण्णा. काकू रोजच्या ओळखीच्या, त्यांना नाही म्हणायचा धीर झाला नाही. भिंग हातात ठेवताना तुम्हाला ते कळलेलं होतं का, हे विचारायचं राहून गेलं. अहवाल उद्या वर जाईल. हा कागद कुठल्याच फायलीला लावता येत नाही, तेव्हा घडी करून भिंगाच्या पाकिटात ठेवते आहे.