राहिलेलं वाक्य

कोल्हापूर, मंगळवार, ७ डिसेंबर १९९९

शाळेतून आल्यापासून एका जागी बसवत नाहीये.

नववीला इंग्रजीत 'माझी आई' निबंध दिला होता. सगळ्यांनी गाईडातली एकच आई उतरवली. सुरेखाने तेवढी स्वतःची लिहिली. तिला सर्वांत जास्त गुण दिले. तर आज तिची आईच बावड्याहून, डेअरीला दूध घालून परस्पर शाळेत आली.

"बाई, पोरीनं माझ्यावर विंग्रजीत काय लिवलंय? मराठीत सांगा की."

मी वाचत गेले, सांगत गेले. मधलं एक वाक्य मात्र सरळ गाळलं. 'माझी आई म्हशींशी बोलते, आमच्याशी बोलायला तिला वेळ नसतो.' का गाळलं? वर्गात हेच वाक्य मी कौतुकाने वाचून दाखवलं होतं ना?

सुरेखा शेजारीच उभी होती. म्हणाली, "बाई, एक वाक्य राहिलं." आणि तिनेच ते आईला सांगितलं.

आई म्हणाली, "म्हस ऐकून तरी घेती. तुमी कवा ऐकतायसा?"

सुरेखाची मान खाली. खरं तेच लिहा, असं मीच बजावलं होतं. गाईडातली आई कुणाच्या मनाला लागली नसती.

जाताना सुरेखाची आई दारात थांबली. लेकीला म्हणाली, "आज धारंला माझ्याजवळ बस. काय बोलायचंय ते बोल तितं."

आत्ता धारेची वेळ झाली असेल. काय बोलत असतील दोघी?