पटातली सकाळची शाळा

२ जानेवारी

अन् या साली गुरुजीचं परत तेच! शाळा दहा ते पाच म्हणजे दहा ते पाच. पट असो नाई तं काई असो.

गावचा शंकरपट, बैलायची शर्यत, सालातून एकदा. १५, १६, १७ — तीनच दिवस. घराघरात पाहुणे, लेकीबाळी माहेरी, बैलजोड्या पार भंडाऱ्याकडून येतेत. अकराले पहिली जोडी सुटते, अन् गुरुजी पोट्ट्यायले वर्गात कोंडून सतराचा पाढा म्हणाले लावते! खिडकीतून धुरळा दिसते, गलका ऐकू येते, कोणाचं ध्यान राहीन पाढ्यात? सकाळी सात ते साडेदहा शाळा घ्या अन् सोडून द्या. एवढं सोपं हाय.

लच्छूनं गावच्या ग्रुपवर टाकलं, शाळा समितीत गुरुजी नाई म्हणाले. मी खाली लिवलं — "गुरुजीले सकाळी उठाचा कंटाळा. पगार मात्र टाईमवर पाहिजे." सत्तावीस जणायनं हसाचं तोंड टाकलं.

मजा वाटली. जेवतपर्यंत वाटत होती. आता नाई वाटून राह्यली.

३ जानेवारी

इथी तिरुपूरले बनियनच्या कारखान्यात मी गठ्ठे बांधतो. मागं क्रिकेटची फायनल होती तं मालकानं दुपारची पाळी सकाळी केली. म्हणे, काम तसंही होणार नाई, मंग बदलवलेलंच बरं. तमिळ माणूस, मराठीचा एक शब्द येत नाई, पण त्याले समजते. गुरुजीले समजत नाई!

खोलीतल्या चैतूले हे सांगतलं. चैतू सिरोंचाकडचा. म्हणे, "तुले गुरुजी लय आठवून राह्यले बे. शाळेत होता तवा तं कधी आठवले नसन!" खरं हाय. सातवीतून सुटलो मी. हसलो दोघंबी.

४ जानेवारी, रविवार

मायचा फोन. माय शाळेत खिचडी शिजवते. म्हणे, "ग्रुपवर तू लिवलं ते लच्छूच्या बायकोनं वाचून दाखवलं मले." मी म्हटलं, मंग, खरंच तं लिवलं.   तवा माय म्हणे, "प्रफुल, साऱ्या गावानं बोलावं. तू नोको बोलू."

अन् लगेच — खिचडी करपून राह्यली, ठेवतो म्हणे.

रविवारी कायची खिचडी!

५ जानेवारी

आज लिवत नाई.

६ जानेवारी

लिवतो. इथी कोण वाचणार हाय.

मागच्या साली मी गावातच होतो. चार पोट्टे जमवून मीच गुरुजीकडे गेलो, सकाळची शाळा मागाले. गुरुजी म्हणाले, "गावातली मुलं येतील रे. वरच्या टोल्याच्या वस्तीतल्यांचं काय? दोन किलोमीटर जंगल. सातची शाळा म्हणजे सहाला निघणार. जानेवारीत सहाला काळोख असतो, अन् तो त्याच्या फिरण्याचा वेळ."

त्याच्या म्हणजे वाघाच्या. शाळा दहाची हाय ती टोल्याच्या पोट्ट्यायपाई, ऊन पडल्यावर त्यायनं निंघावं म्हणून. मले माईत होतं. साऱ्या गावाले माईत हाय.

मी म्हटलं, "मी आणतो ना गुरुजी! तिन्ही दिवस. टॉर्च घेतो, काठी घेतो, डबा वाजवत आणतो."

गुरुजी म्हणाले, "येशील?"

"शब्द देल्ला."

सही नाई मागतली, काई नाई. तेवढ्यावर त्यायनं शाळेची वेळ बदलवली.

पहिल्या दिवशी गेलो. सात पोट्टे. खुशबू सगळ्यात लहान, दुसरीतली. माह्या सदऱ्याचं टोक धरून चाले. "भाऊ, डबा मी वाजवू?" देल्ला तिले. असा वाजवला का वाघ काय, पाखरूबी राहीना रस्त्यात! दुसऱ्या दिवशीबी गेलो.

दुसऱ्या राती पटाचं नाटक होतं. पहाटे चारले पडदा पडला. म्हटलं, धानाच्या तणसाच्या ढिगावर घडीभर पडतो. डोळे उघडले तं ऊन तोंडावर, अन् पटावर जोड्या जुंपून राह्यले होते.

पोट्ट्यायनं माही वाट पाह्यली. उशीर झाला तं गुरुजी रागावतीन म्हणून मंग निंघाले एकटेच. नाल्याच्या वळणावर तो रस्त्यात बसला होता. त्यानं काई केलं नाई. उठला, पाह्यलं, गेला. पण पोट्टे पळाले, अन् खुशबू नाल्यात पडली. हात मोडला.

डबा माह्या उशाशी होता.

७ जानेवारी

काल अर्धंच लिवलं.

चौकशीले साहेब आले. गुरुजीले विचारलं, अंधारात मुलं कोणाच्या भरवशावर बोलावली? माय तिथीच तांदूळ निवडून राह्यली होती. गुरुजी म्हणाले, "माझी चूक. वेळ मी बदलली." बस. माहं नाव नाई. गुरुजीची पगारवाढ थांबली सालभर.

टोल्यावरचे पोट्टे बोलले असतीन घरी. टोल्याचं गावात कोण ऐकते?

माय घरी आली. मले भात वाढला.  तिनं शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं. पंधरा दिवसात मी इकडे निंघून आलो. लोकायले सांगतलं, गावात काम नाई.

अन् मी लिवलं — गुरुजीले उठाचा कंटाळा! पगारावरून बोललो, पगारावरून! गुरुजीबी हायेत त्या ग्रुपवर.



८ जानेवारी

आज सहाची पाळी. कंपनीची बस साडेपाचले खोलीच्या दारात आली. रोजचंच हाय, पण आज बसमधी बसलो अन् ध्यानात आलं. फायनलच्या टायमाले मालकानं पाळी बदलवली, तं पह्यले बसची वेळ बदलवली होती. बसची चिठ्ठी आधी लागली, पाळीची मंग. आमाले कोणी अंधारात पायी बोलावलं नाई.

आमी गावात नुसतं ओरडत होतो, वेळ बदलवा, वेळ बदलवा. बसचं कोणीच बोललो नाई. खेळापाई शाळा मागंपुढं करावी का नाई यावर पन्नास मेसेज. अंधारात चालते कोण, यावर एक नाई.

जेवणाच्या सुट्टीत गुरुजीले फोन लावला. दोनदा मीच कापला, तिसऱ्यांदा लावला.

"गुरुजी, प्रफुल."

"बोल."

"ते ग्रुपवर मी..."

"वाचलं. 'कंटाळा' बरोबर लिहिलास. सातवीत चुकायचास."

रागावले असते तं बोलता आलं असतं मले. मंग कसंतरी म्हटलं, गुरुजी, चुकलो, लय चुकलो. बारा तारखेच्या गाडीचं तिकीट हाय. इथी पोंगलची सुट्टी हाय, पटाले येऊन राह्यलो. तिन्ही दिवस पोट्टे मी आणतो. नाटकाच्या मांडवात पाय ठेवत नाई.

गुरुजी म्हणाले, "लालसूला विचारतो." लालसू खुशबूचा बाप.

मी विचारलं, खुशबू आता तिसरीत असन?

"नाव आहे तिसरीत. शाळेत येत नाही. हात केव्हाच जुळला. पण नाल्याच्या अलीकडे उतरली नाही, वर्ष झालं."

मले माईत नव्हतं.

कोणी सांगतलं नाई म्हणून नाई. मी विचारलं नाई म्हणून.

९ जानेवारी

गुरुजीचा फोन. लालसू काय म्हणाला ते जसंच्या तसं सांगतलं, गोड केलं नाई — "पट आमालेबी पाहाचा हाय गुरुजी. पण त्याच्यासंगं पोट्टे धाडत नाई. माही पोरगी तं नाईच."

बरोबर हाय. मी असतो तं मीबी धाडले नसते.

मंग बसचं सांगतलं गुरुजीले. म्हटलं, तीन दिवस सकाळी काळीपिवळी जीप लावली तं? टोल्यावरून उचलाचे अन् शाळेच्या दारात उतरवाचे. परत जाताना ऊन राहते, चालतीन. गुरुजी म्हणाले, "गाडी पक्की असेल तर मी स्वतः समितीत मांडतो. मलाही काही हौस नाही रे पटाच्या दिवशी पाढे म्हणवून घ्यायची. पण आता तोंडी शब्दावर नाही करणार."

तोंडी शब्दावर नाई. असं म्हणाले.

१० जानेवारी

ग्रुपवर लिवलं. पाच वेळा खोडलं. शेवटी एवढंच ठेवलं —

"मागच्या साली टोल्यावरचे पोट्टे आणाचा शब्द मी देल्ला होता. मी झोपून राह्यलो. गुरुजीनं सगळं आपल्यावर घेतलं. दोन तारखेले मी त्यायले बोललो ते वापस घेतो. प्रफुल."

कोणीच हसलं नाई.  मंग लच्छू — "आता काऊन सांगून राह्यला बे?"

 फोन पालथा ठेवला.

११ जानेवारी, रविवार

माय बोलली आज! लय बोलली. काल सांजेले समिती बसली. गाडी असन तं तीन दिवस सकाळची शाळा. माय म्हणे, मले पाचले चूल पेटवा लागन, पण पेटवतो.

गुरुजी आज टोल्यावर गेले होते. खुशबूले विचारलं, गाडीत येशील काय? ती म्हणे, डायव्हरच्या बाजूले बसू देल्लं तं येतो. अन् हारन वाजवू देल्लं तं.

 माय म्हणे, "आयकून राह्यला न? अन् तू मंगळवारी पोहोचतं न रे? तुह्यापाई कोंबडा बांधून ठेवला हाय."

हो म्हटलं.

१२ जानेवारी

गाडीवाला ब्रह्मपुरीचा. एका सकाळचे पाचशे, तिन्ही दिवसाचे आधीच पाहिजे म्हणे. माह्यापाशी जाण्यायेण्याचे अन् पटाचे ठेवले होते तेवढेच हायेत. माहं जाणं अन् गाडी, दोन्ही होत नाई.

तिकीट रद्द केलं. चैतू म्हणे, येडा झाला काय बे, सालभर पट पट करत होता! मायले सांगतलं, कोंबडा गुरुजीले जेवाले बलावून कापजो.

आताच गुरुजीले पाठवले — पंधराशे रुपये.