नर्मदेला वाहायचं वांगं

आई, गच्चीवर उन्हात खुर्ची टाकून बसलोय. खाली तुझी सून बॅगा भरते आहे आणि मधूनमधून ओरडून विचारते आहे, स्वेटर किती घेऊ, गोळ्या कुठल्या बॅगेत टाकू. परवा आम्ही महेश्वरला निघतोय. नर्मदेवर. हो, तीच नर्मदा, जिच्यावर तू आणि मावशी दर हिवाळ्यात जाणार होतात आणि कापूस वेचून होईतो हिवाळाच संपून जायचा. लहानपणी मी तुला माय म्हणायचो. पुण्याला वकिली शिकून आलो आणि आई म्हणायला लागलो, तू तेही चालवून घेतलंस. हे असलं पुस्तकी मराठी तुझ्यासमोर बोललो असतो तर, "काहून रे, साक्ष घेऊन रायला का माही?" म्हणाली असतीस. घे, आज मीच साक्ष देतो. तू आता नाहीस, तेव्हा पाठवायची कुठे हा प्रश्नच नाही, त्यामुळे उलटतपासणीची भीती नाही.

महेश्वर आता तुम्ही दोघी म्हणायच्या तसं नुसतं तीर्थ राहिलेलं नाही. काठाकाठानं हॉटेलं झालीत, हिरवळीवर वेताच्या खुर्च्या, समोर पाणी, दिवसभर ऊन. जावयानं फोटो दाखवले. सकाळी नावेतून फिरायचं, दुपारी उन्हात लोळायचं, संध्याकाळी घाटावर जाऊन पाण्यात दिवे सोडायचे, असा बेत आहे. तुझी नात, जावई, पुण्याचे व्याही, विहीणबाई आणि आम्ही दोघं. खोल्या नदीकडच्याच पाहिजेत म्हणून मी हॉटेलवाल्याशी फोनवर भांडलो. गाडी चांगली मोठी सांगितली आहे. मागच्या सीटवर नुसत्या बॅगा जाणार आहेत. त्या सीटवर मावशी बसणार होती आणि मी तिला नाही म्हटलं. सांगायचं आहे ते एवढंच, बाकी सगळं पाल्हाळ. पण पाल्हाळाशिवाय मला कुठे काय सांगता येतं? जन्म गेला कोर्टात.

तुला आठवतो तो दिवस? मावशी अकोल्याहून आली होती. मागच्या अंगणात गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजत होते आणि चुलीवर वांग्याची भाजी रटरटत होती. तुम्ही दोघी नर्मदेचा बेत करत होतात. मोठ्या नदीवर पहिल्यांदा गेलं की आवडीची एक वस्तू तिथं सोडायची आणि पुन्हा जन्मात खायची नाही, ही आपल्याकडची रीत. मावशी तुला विचारते आहे, तू काय सोडशील? आणि तू म्हणतेस, "मी त कारलं सोडतो बाप्पा. सुटली एकदाची." मावशी खवळलीच. "नर्मदामायले फसवतं काय वं? जे जिवापासून आवडते थेच सोडा लागते. मी वांगं सोडीन." तू हातातली पळी खाली ठेवून तिच्याकडे पाहत राहिलीस. "वांगं? मंग जगशीन कशी?" तुम्ही दोघी इतक्या हसलात की रोडगे करपले आणि बाबांनी काही न बोलता करपलेलेच खाल्ले.

तर, मावशीला बोलावलं मीच. यंदा दिवाळीत तिच्याकडे गेलो होतो, पोटभर जेवण झालं होतं, मन मोठं झालं होतं. म्हटलं, मावशी, या पौषात नर्मदेवर जाऊ, तू चल. ती पदराला हात पुसत दारातच थांबली. "खरंच नेशीन का रे, राज्या? का असाच बोलून रायला?" मी म्हटलं, खरंच. तेव्हा फक्त आम्ही दोघंच जाणार होतो. मग लेकीचा फोन आला की सासू-सासऱ्यांनाही यायचं आहे, ते पुण्याहून रेल्वेनं अमरावतीला येतील, पुढे सगळे मिळून जाऊ. बेत मोठा झाला आणि मी मावशीचा हिशेब मांडायला लागलो. मावशी काय बोलेल, कशी बोलेल, जेवताना तोंडाचा आवाज करेल, वेटरला "अबे पोट्ट्या" म्हणेल. तुझ्या साठीला टेकलेल्या लेकाला हे सुचतं, ऐकून घे.

आणि विहीणबाईंना काही घेणंदेणं नव्हतं त्याचं! त्यांनी आपणहून विचारलं होतं, "तुमच्या अकोल्याच्या मावशींना आणा ना. लग्नात किती गोड बोलत होत्या." मी म्हटलं, त्यांना आता प्रवास झेपत नाही. मावशी अजून गच्चीवर चढून स्वतः वड्या वाळत घालते, आई. माझ्यापेक्षा भराभर चढते.

तिला समोर बसून सांगावं म्हणून एका रविवारी अकोल्याला गेलो. दारात चपलाच चपला. अर्धी गल्ली पंगतीला बसलेली. रोडगे, वरण, आणि पातेलंभर वांग्याची भाजी, तर्री वर आलेली. मला वाटलं कोणाचा काही कार्यक्रम आहे. मावशीनं मला ओढून पाटावर बसवलं. "खा राज्या. मीबी खातो. आता हे शेवटचंच हाये. पौषात नर्मदामायले वांगं वाहून देतो, मंग जन्मात तोंडात घालत नाही." वांग्याला निरोप म्हणून तिनं गल्ली जेवू घातली होती. शेजारची बाई म्हणाली, "काकू, नर्मदेचं पानी आना बरं आमच्यासाठी." मावशी माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगत होती, हा माह्या बहिणीचा पोरगा, हाच नेऊन रायला मले. मी मान खाली घालून जेवलो. भाजी दोनदा घेतली. अशा वेळीही मला भाजी दोनदा घेता आली.

न सांगताच परतलो आणि मग अमरावतीहून फोन केला. फोनवर खोटं बोलायला काय लागतं? म्हटलं, मावशी, तिथं घाटाला फार पायऱ्या आहेत, तुझे गुडघे. ती म्हणाली, "माह्या गुडघ्याले काय झालं?" मी पुन्हा पायऱ्यांचंच सांगितलं. मग तिचा आवाज जरा खाली आला. "मी पायऱ्या उतरत नाही, बापा. वरूनच हात जोडतो." म्हटलं, गाडीतही दाटी होते. ती म्हणाली, "राज्या, मी बोलनारबी नाही काही. तुह्या व्याह्यासमोर तोंड उघडत नाही. मांगं गुपचूप बसतो. मुकी हाये म्हनून सांगून देजो."

आई, मला तिथल्या तिथे जमीन फाटून पोटात घेती तर बरं असं झालं. म्हटलं, तसं नाही गं मावशी, खरंच जागा नाही. ती म्हणाली, "बरं बापा. ठीक हाये." एक शब्द वावगा नाही. शिव्या घातल्या असत्या तर मी उलट भांडलो असतो, मला सोपं गेलं असतं.

आणि तेव्हापासून तू डोळ्यांसमोरून हलत नाहीस. पुण्याचे माझे मित्र शेतावर हुरडा खायला आले होते ती सुट्टी. तू वाढते आहेस, पाणी आणून देते आहेस, आणि तोंडातून अक्षर नाही. मित्र म्हणाले, तुझी आई किती शांत आहे रे! तू आणि शांत! ते गेल्यावर तू चुलीपाशी बसून मला विचारलंस, "मी बोलली नाही न काही? बराबर झालं न?" तुझा चेहरा असा खुलला होता, जसं काही तू माझी परीक्षाच पास करून दिली होतीस. मी तुला गप्प राहा म्हणून कधी सांगितलं नव्हतं. सांगावं लागलं नाही, हेच तर वाईट आहे. आणि मी म्हणालो, हो, बराबर झालं. तू हे मावशीला सांगितलं असशील का गं? तुम्ही दोघी एकमेकींना सगळंच सांगायच्या.

मागच्या आठवड्यात मावशीच्या सुनेचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "भाऊजी, आईंनी वांगं बंद केलं. घरात भाजी केली तरी ताटात घेऊन नाही रायल्या." मी मावशीला फोनवर बोलावलं. म्हटलं, अगं, तू जातच नाहीयेस, मग वांगं कशाला सोडलंस? खा ना. तर ती मलाच समजावते, जसं काही मी लहान आहे. "तोंडातून निंगलं न, राज्या. नदीचं नाव घेऊन चार लोकांत बोलली. मी नाही गेली त काय झालं, शब्द त गेला न." म्हणजे नदी दिसली नाही ती नाहीच आणि वांगंही गेलं. ऐन हिवाळ्यात, जेव्हा आपल्याकडे वांग्याला खरी चव असते. रोज दोन्ही वेळा ती मुकाट्यानं दुसरं काहीतरी खाते आणि त्याला मी कारण आहे. तेव्हा तरी मी म्हणायला हवं होतं, चल, बस गाडीत. मी म्हटलं, बरं, तब्येत सांभाळ.

काल अकोल्याहून येणाऱ्या एका ओळखीच्या बाईजवळ तिनं पिशवी पाठवली. सगळ्यांना वाटेत खायला तिखट पुऱ्या, चिवडा, विहीणबाईंसाठी वेगळे तिळाचे लाडू. आणि नव्या खणात गुंडाळलेलं एक वांगं, देठासकट, पुसून चकचकीत केलेलं. मागोमाग फोन. "माह्या नावानं पान्यात सोडजो. अन् मायले सांगजो, अकोल्याची बाई येनार होती, पन तिचे गुडघे दुखते म्हना. म्हनून नाही आली." माझं खोटं तिनं स्वतःवर घेतलं, आई, तेही नदीसमोर, म्हणजे नदीनं मला काही विचारू नये. आता घाटावर उभं राहून ते मलाच बोलायचं आहे.

अजूनही वेळ गेलेली नाही, हे मला कळतं. सरळ हमरस्ता अकोल्यावरूनच जातो, पुढे बऱ्हाणपूर, खंडवा. तिच्या दारात गाडी उभी करायला कितीसा वेळ लागणार? पण गाडी मी परतवाडा-धारणीवरून सांगितली आहे. तो सगळा वळणांचा आणि खड्ड्यांचा रस्ता. व्याह्यांना म्हटलं, तिकडून मेळघाटचं जंगल दिसतं. त्यांना फार आनंद झाला. अकोला लागू नये म्हणून तो रस्ता धरलाय, हे कोणाला सांगू?

मघाशी खालून तुझ्या सुनेनं हाक मारली, "अहो, ते मावशींचं वांगं वरच ठेवते, दबायला नको." मी उठून खाली गेलो, तिच्या हातातून घेतलं आणि टॉवेलात गुंडाळून माझ्या बॅगेत अगदी तळाशी ठेवलं. तिला वाटलं, किती जपतोय. वाटेत कोणी बॅग उघडली आणि व्याह्यांनी विचारलं की हे वांगं कशाला, तर काय सांगू, म्हणून ठेवलं गं, माय.